ॲल्युमिनियमची अमॉर्फस रिबन तापवल्यावर आत नेमकं काय घडतं? (डीएससीवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं)

रिबनवाली | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टचं गाडं एका आलेखापाशी अडलंय. इथे धातुशास्त्रातली जुनीजाणती मंडळी बरीच आहेत, म्हणून थेट धागाच काढला.

माझा मिश्रधातू असा: ८८ टक्के ॲल्युमिनियम, ८ निकेल, ४ यिट्रियम. टक्के अणूंच्या संख्येचे, वजनाचे नव्हेत. आर्क मेल्टिंगने बटण केलं आणि मेल्ट स्पिनरवर (वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून झटक्यात गोठवणारं यंत्र) रिबन काढली. तांब्याचं चाक, कडेचा वेग सेकंदाला ४० मीटर, रिबनची जाडी साधारण २५ मायक्रॉन, रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासली तेव्हा) एकच रुंद कुबड आलं, टोकदार शिखर एकही नाही. गाइड म्हणाले, अमॉर्फस आहे, पुढे चला.

पुढे डीएससी, म्हणजे नमुना तापवत नेऊन त्यातली उष्णतेची देवाणघेवाण मोजणं. मिनिटाला २० अंशांनी तापवलं तर पहिलं शिखर बुटकं आणि पसरट. १८५ अंश सेल्सियसला सुरू होतं, २१५ ला माथा, आणि उजवीकडची शेपूट संपता संपत नाही. मग बराच वेळ शांतता. ३३५ च्या आसपास दुसरं शिखर, हे मात्र उंच आणि निमुळतं, आणि त्याला खेटून तिसरं. ग्लास ट्रान्झिशनचा (तापवल्यावर काच मऊ पडू लागते तो टप्पा) कुठे मागमूसही नाही.

आता जे कळत नाही ते सांगते. ग्लास ट्रान्झिशन दिसतच नसेल तर याला ग्लास कोणत्या तोंडाने म्हणू? पहिलं शिखर एवढं पसरट का? पहिल्या शिखराचा अव्रामी घातांक (स्फटिकीकरण वेळेप्रमाणे कसं पुढे जातं ते सांगणारा आकडा) काढला तर एकपेक्षा कमी येतो, आणि पुस्तकात १.५ च्या खाली काही दिलेलंच नाही. शिवाय ताजी रिबन दुमडून पूर्ण घडी घातली तरी तुटत नाही, पण २५० अंशांवर अर्धा तास ठेवलेली रिबन चिमट्यात धरली की कट्कन मोडते. व्हायवा जवळ आलाय. कुणीतरी समजावून सांगा.

चौकस | मंगळवार, रात्री १०:२०

मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे इथे प्रेक्षक. अमॉर्फस धातू म्हणजे अणू काचेसारखे अस्ताव्यस्त, एवढं ठाऊक आहे. पण ॲल्युमिनियम अमॉर्फस करायचं आणि मग तापवून परत स्फटिक करायचं, हा उलटा उद्योग कशासाठी?

भट्टीवाला | मंगळवार, रात्री १०:४५

आलो, बसलो. आमची हयात ॲल्युमिनियम ओतण्यात गेली, पण असली रिबन हातात घेण्याचा योग आला नाही. वाचतोय.

आल्फा_फेज | बुधवार, पहाटे १:१५

(जर्मनीत असतो, त्यामुळे माझी वेळ अशीच. कॅलरीमेट्री हे पोटापाण्याचं काम.)

@रिबनवाली, तुझा आलेख अगदी नमुनेदार आहे, घाबरू नकोस. थोडं मागून सुरू करतो म्हणजे चौकस यांनाही लागेल.

वितळलेला धातू अतिशय वेगाने गोठवून अमॉर्फस करता येतो हे १९६० साली कॅलटेकमध्ये पोल ड्युवे यांच्या गटाने दाखवलं. मिश्रधातू सोनं आणि सिलिकॉनचा, थंड होण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात. त्यानंतर लोह, निकेल, पॅलेडियम, झिर्कोनियम असे एकेक करून काबूत आले. ॲल्युमिनियम मात्र दाद देईना. ८० टक्क्यांच्या वर ॲल्युमिनियम असलेले आणि तरीही घडी घातली तर न तुटणारे अमॉर्फस मिश्रधातू हाती आले ते १९८८ मध्ये, आणि तेही दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे: जपानात सेंदाईला तोहोकू विद्यापीठात इनोउए आणि मासुमोतो यांच्याकडे, आणि अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात पून आणि शिफ्लेट यांच्याकडे. कृती दोघांचीही तीच, म्हणजे तुझीच. ॲल्युमिनियमपेक्षा लहान अणूचा एक संक्रमण धातू घ्यायचा (निकेल, लोह, कोबाल्ट) आणि बऱ्याच मोठ्या अणूचा एक दुर्मिळ मृदा धातू (यिट्रियम, लँथॅनम, सिरियम, समॅरियम). ॲल्युमिनियमच्या अणूची त्रिज्या १.४३ आंगस्ट्रॉम, निकेल १.२४, यिट्रियम १.८०. एवढी तफावत असली की द्रवातून स्फटिकाची नीट रचना लागायला वेळ लागतो, आणि चाक तेवढा वेळ देत नाही.

आता तापवण्याकडे. पहिल्या शिखरात तुझा सगळा मिश्रधातू स्फटिक होत नाही. होतो फक्त त्यातला थोडा ॲल्युमिनियम. जवळजवळ शुद्ध, नेहमीच्या फलककेंद्री घनाकार रचनेचे, १० ते २० नॅनोमीटरचे बारीक स्फटिक अमॉर्फस पदार्थात जागोजागी तयार होतात. बाकीचा पदार्थ तसाच अमॉर्फस राहतो, फक्त त्यात निकेल आणि यिट्रियमचं प्रमाण वाढतं. दुसऱ्या-तिसऱ्या शिखरात हा उरलेला भागही मोडतो आणि त्यातून संयुगं निघतात: ॲल्युमिनियम-निकेल, ॲल्युमिनियम-यिट्रियम आणि तिन्ही मिळून झालेली. तिथे आजूबाजूला आहे त्यातूनच बरंचसं जुळतं, अणूंना फार लांब जावं लागत नाही. म्हणून शिखर उंच आणि अरुंद.

पहिलं शिखर पसरट का? ॲल्युमिनियमचा स्फटिक वाढतो तेव्हा त्याला यिट्रियम आत घ्यायचं नसतं. अंगण झाडताना खराट्यापुढे पाचोळा साठत जातो, तसं यिट्रियम वाढत्या स्फटिकाच्या तोंडाशी साठतं. निकेल लहान आणि चपळ, ते बाजूला होतं. यिट्रियम मोठं आणि मंद, ते तिथेच अडून बसतं. स्फटिक पुढे सरकायचा तर आधी हा ढीग हलायला हवा. त्यामुळे वाढ आपोआप मंदावते, आणि तापमान चढत गेलं की पुन्हा थोडी थोडी पुढे जाते. तुझी न संपणारी शेपूट ती हीच. ॲटम प्रोबने (कुठला अणू कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) अशा स्फटिकांभोवती दुर्मिळ मृदा धातूचं साठलेलं कडं प्रत्यक्ष दिसलेलं आहे.

अव्रामीबद्दल उद्या लिहितो. झोप अनावर झालीय.

भट्टीवाला | बुधवार, सकाळी ७:३०

वा, झकास. पण मला एक घास गिळत नाहीये. १०-२० नॅनोमीटर? आम्ही वितळलेल्या धातूत टायटॅनियम-बोरॉनच्या ग्रेन रिफायनर (दाणा बारीक करणाऱ्या) रॉडचे तुकडे टाकतो, सगळे सोपस्कार करतो, आणि १०० मायक्रॉनचा दाणा मिळाला तरी त्या दिवशी चहा माझ्याकडून. म्हणजे घन मिलिमीटरला हजारभर दाणे. तुम्ही म्हणता तेवढे स्फटिक निघायला बीजं किती लागतील? आणि ती आणणार कुठून? तुमच्या रिबनमध्ये तर रिफायनर कुणी टाकलेला नाही.

आल्फा_फेज | बुधवार, दुपारी १:४०

भट्टीवाला काका, दंडवत! या विषयातलं खरं कोडं तुम्ही एका पोस्टमध्ये पकडलंत.

आकडे मांडतो. टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) मोजलेली स्फटिकांची संख्या घनमीटरला १० चा २१वा ते २३वा घात अशी मिळते. मधला आकडा धरू: ५ गुणिले १० चा २२वा घात. म्हणजे तुमच्या घन मिलिमीटरला ५० लाख कोटी. तुमच्या हजार दाण्यांच्या पाच हजार कोटी पट.

आता प्रत्येक स्फटिक २० नॅनोमीटर व्यासाचा गोळा मानला (खरं तर बरेचसे गोल नसतात, झाडासारखे फांद्या फुटलेले असतात) तर त्यांनी व्यापलेली जागा भरते एकूण आकारमानाच्या २१ टक्के. दोन शेजारी स्फटिकांच्या केंद्रांमधलं अंतर सरासरी २७ नॅनोमीटर. त्यातले २० स्फटिकांचेच. मध्ये उरले सात. या सात नॅनोमीटरांत दोन्हीकडून यिट्रियम येऊन साठलेलं. स्फटिक एकमेकांना टेकतही नाहीत, पण त्यांचे ढीग टेकतात, आणि वाढ थांबते.

रिबनवाली, तुझ्या अव्रामीचं उत्तर इथेच आहे. १.५ किंवा २.५ असे घातांक येतात ते एका गृहीतावर: शेजारचा स्फटिक प्रत्यक्ष येऊन भिडेपर्यंत प्रत्येकजण आपल्या नियमाने वाढत राहतो. इथे भिडण्याच्या कितीतरी आधीच वाढीला खीळ बसते. घातांक एकच्या खाली आला याचा अर्थ वाढ एखाद्या विचित्र मितीत चाललीय असा नव्हे, ते समीकरण तुझ्या पदार्थाला लागूच पडत नाही एवढाच. व्हायवात ०.८ चा अर्थ लावत बसू नकोस. समीकरण का लागू नाही ते सांग.

माळरान | बुधवार, दुपारी ३:०५

थोडं अवांतर. आमच्याकडे अमॉर्फस कोअरचे ट्रान्सफॉर्मर आलेत. तेही असेच तापून स्फटिक होणार का?

आल्फा_फेज | बुधवार, दुपारी ३:३०

नाही हो. ती लोह-बोरॉन-सिलिकॉनची पट्टी, तिचं स्फटिकीकरण ५०० अंशांच्या वर सुरू होतं. कोअर बनवतानाच ती त्याच्या बऱ्याच खाली ॲनील केलेली असते, ताण घालवण्यासाठी. तेलाचं तापमान कुठे आणि ५०० कुठे. ॲल्युमिनियमवाले मात्र २०० च्या आसपासच ढेपाळतात, त्यामुळे त्यांना तसल्या ठिकाणी कुणी उभं करणार नाही.

अर्थात लोहाच्या बाबतीत हेच अर्धवट स्फटिकीकरण मुद्दाम करून पैसा कमावलेला आहे. १९८८ मध्येच हिताची मेटल्समधल्या योशिझावा यांनी लोहाच्या अमॉर्फस रिबनमध्ये १ टक्का तांबं आणि ३ टक्के नायोबियम घालून ती तापवली, तर दहा-बारा नॅनोमीटरचे स्फटिक मिळाले आणि चुंबकीय गुण अफलातून. त्यात तांब्याचे पुंजके आधी तयार होतात आणि बीजाचं काम करतात. म्हणजे काका, तिथे रिफायनर आहे.

भट्टीवाला | बुधवार, सायंकाळी ६:१०

तिथे आहे हे पटलं. इथे कुठे आहे ते सांगा. माझा प्रश्न तिथेच आहे.

चौकस | बुधवार, सायंकाळी ६:४०

आणि माझाही. कशासाठी हा उद्योग?

आल्फा_फेज | बुधवार, रात्री ११:३०

चौकस, आधी तुमचं. विमानात वापरतात तो ७०७५ टी-६ घ्या, ताणबळ ५७० मेगापास्कलच्या आसपास. ॲल्युमिनियम-निकेल-यिट्रियमची चांगली अमॉर्फस रिबन हजारच्या वर जाते. आणि तीत वर सांगितले तसे नॅनोस्फटिक पाव भागाच्या आसपास असले तर सेंदाईच्या गटाने १५०० च्या वरचे आकडे दिलेत. वजन ॲल्युमिनियमचं, ताकद चांगल्या पोलादाची. म्हणून हा उद्योग.

ताकद का वाढते यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, स्फटिक इतके लहान आहेत की त्यांच्यात डिसलोकेशन (स्फटिकाच्या रचनेतला सरकणारा दोष) मावतच नाही, ते जवळजवळ निर्दोष, म्हणून कठीण. केंब्रिजला ग्रीअर यांच्या गटाने मात्र कठीणपणा मोजून असं मांडलं की श्रेय मुख्यतः उरलेल्या अमॉर्फस भागाचं आहे. वरचाच हिशेब करा: १०० अणूंत १२ निकेल-यिट्रियमचे. २१ ॲल्युमिनियमचे अणू स्फटिकात निघून गेले. उरलेल्या ७९ मध्ये तेच १२, म्हणजे १५ टक्क्यांच्या वर. एवढा गडद अमॉर्फस मिश्रधातू आधीपासूनच जास्त कठीण असतो. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण त्यातून रिबन मोडण्याचाही उलगडा होतो. ॲल्युमिनियम निघून जात राहिलं की मागे उरतं ते कठीण पण ठिसूळ. त्यात तापवल्याने अणू जास्त दाटीने बसतात आणि सरकायला जागा राहत नाही. @रिबनवाली, २५० वर अर्धा तास म्हणजे तू पहिलं शिखर केव्हाच ओलांडलंयस. ताकदीसाठी त्या शिखराच्या आधीच, सुरुवातीच्या उतारावर थांबावं लागतं.

आता काका, रिफायनर. तीन उत्तरं प्रचलित आहेत. पहिलं: बीजं चाकावरच पडलेली असतात. द्रव खाली येताना ॲल्युमिनियमचे अगदी बारीक पुंजके जमू लागतात, पण पूर्ण स्फटिक व्हायच्या आत सगळं गोठतं. तापवताना नवं काही जन्मत नाही, गोठलेलं होतं ते वाढू लागतं. याला मोठा आधार विस्कॉन्सिनच्या पेरेपेझ्को यांच्या गटाकडून आहे. त्यांनी ९२ टक्के ॲल्युमिनियम, ८ समॅरियम हा एकच मिश्रधातू दोन वाटांनी केला. एक तुझ्यासारखा चाकावर. दुसरा ॲल्युमिनियम आणि समॅरियमच्या पातळ पत्र्यांची चळत करून, लाटून, दुमडून, पुन्हा लाटून, असं करत करत, न वितळवता अमॉर्फस. चाकावरचा तापवला तर नॅनोस्फटिकांचं पसरट शिखर, ग्लास ट्रान्झिशन गायब. लाटलेला तापवला तर ग्लास ट्रान्झिशन दिसलं आणि सुरुवातीची ती नॅनोस्फटिकांची पायरीच नाही. घटक तेच, प्रमाण तेच. फरक एवढाच की एकाने द्रवावस्थेतून येताना बीजं सोबत आणली.

दुसरं उत्तर: अमॉर्फस भागच तापवताना दोन प्रकारच्या अमॉर्फस भागांत फुटतो, आणि ॲल्युमिनियम जास्त असलेल्या भागात स्फटिक जन्मतात. २००० साली सेंट लुईसला केल्टन यांच्या गटाने गॅडोलिनियम-लँथॅनम-निकेलच्या मिश्रधातूत हे दाखवलं. तिसरं: परकी अशुद्धी. पण एवढ्या प्रचंड संख्येला पुरेल इतकी अशुद्धी आणायची कुठून, त्यामुळे हे मला तरी लंगडं वाटतं.

अर्धविराम | गुरुवार, सकाळी ९:०५

धागा छान रंगलाय, पण आल्फा_फेज, तुम्ही पहिल्या उत्तरावर जरा लवकर शिक्का मारताय. लाटलेल्या नमुन्यात फक्त बीजांचाच फरक असतो कशावरून? लाटताना ऑक्सिजन आत जातो, समॅरियम त्याला सोडत नाही. सगळीकडे प्रमाण सारखं झालंय याची तरी काय खात्री? आणि उलट बाजूचा पुरावाही आहे. १९९४ मध्ये व्हर्जिनियाच्याच गटाने अमॉर्फस ॲल्युमिनियम-लोह-गॅडोलिनियमची रिबन खोलीच्या तापमानाला नुसती वाकवली, तर जिथे पदार्थ सरकला त्या पट्ट्यांत ॲल्युमिनियमचे नॅनोस्फटिक सापडले. म्हणजे लाटण्या-वाकवण्याने स्फटिक येऊही शकतात. मग लाटणं ही बीजमुक्तीची वाट कशी?

माझं म्हणणं एवढंच की "बीजं आधीपासून होती" हे वाक्य फार सोयीचं आहे. जे समजत नाही ते सगळं चाकावर ढकलून मोकळं व्हायचं.

आल्फा_फेज | गुरुवार, दुपारी १२:५०

@अर्धविराम, ऑक्सिजनचा मुद्दा रास्त आहे, मान्य. वाकवण्याचं मात्र गडबडगुंड्यात नका टाकू. तुम्ही म्हणता ते स्फटिक अमॉर्फस झाल्यानंतर, अरुंद पट्टीत, जोराने सरकल्यामुळे येतात. आणि ते सगळ्याच मिश्रधातूंत येतात असंही नाही. समॅरियमवाल्या पत्र्यांत दोन धातू मिसळून अमॉर्फस होत असतात.

आणि मी तरी सगळ्यांना एकच उत्तर लावत नाहीये. यिट्रियम ७, लोह ५ असलेल्या मिश्रधातूत १ टक्का तांबं टाकलं की स्फटिकीकरण कमी तापमानाला सुरू होतं आणि स्फटिक आणखी दाट येतात. म्हणजे तापवताना नवी बीजं पाडता येतात हेही खरं. प्रमाण बदललं की यंत्रणा बदलते.

अर्धविराम | गुरुवार, दुपारी २:१५

हे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये असतं तर मी वाद घातलाच नसता. :)

आता रिबनवालीच्या कामाचं. वाद आपला चालू राहील, पण तिच्या रिबनपुरता निकाल लावता येतो. तू आत्तापर्यंत तापमान चढवत मोजलंस. आता स्थिर तापमानावर मोज. शिखर जिथे सुरू होतं त्याच्या पंधरा-वीस अंश खाली, म्हणजे १७० च्या आसपास, झटकन नेऊन तिथेच धरायचं आणि वेळेप्रमाणे उष्णता बघायची. स्फटिक नव्याने जन्मून वाढत असतील तर उष्णता आधी वाढेल, माथा गाठेल, मग उतरेल. घंटेसारखा आकार. स्फटिक आधीपासूनच असतील आणि फक्त मोठे होत असतील तर पहिल्या क्षणापासून नुसती उतरण. १९८८ मध्ये चेन आणि स्पेपेन यांनी याच युक्तीने ॲल्युमिनियम आणि संक्रमण धातूंच्या थरांचं बिंग फोडलं होतं. एक्सआरडी म्हणत होतं अमॉर्फस, कॅलरीमीटर म्हणाला, आत आधीच बारीक क्वासिक्रिस्टल (नियमबद्ध, पण तीच ती रचना पुन्हा न येणारे स्फटिक) बसलेत. कुबड दिसलं की अमॉर्फस, हे तुझ्या गाइडना सांगायला जरा धीर लागेल, पण दोन-तीन नॅनोमीटरचे स्फटिक थोडेच असले तर एक्सआरडीच्या कुबडात सहज लपतात.

एक खबरदारी. यंत्र स्थिरावायला पहिलं मिनिटभर घेतं, आणि छोटा माथा असेल तर तो नेमका तिथेच गाडला जातो. म्हणून मोजणी झाल्यावर तोच नमुना ४०० पर्यंत नेऊन पूर्ण स्फटिक कर, थंड कर, आणि तीच स्थिर मोजणी पुन्हा घे. दुसरी पहिलीतून वजा कर. नमुना पॅनमधून हलवायचा नाही.

भट्टीवाला | गुरुवार, सायंकाळी ५:२०

हां, आता कसं. वाद घालून पोट भरत नाही, मोजून बघा.

पोरी, माझं एक ऐक. चाकाला टेकलेली बाजू आणि हवेकडची बाजू, दोन्हींचा एक्सआरडी वेगवेगळा घे. हवेकडची उशिरा थंड होते. ओतकामात साच्याला लागलेली कातडी आणि आतला गाभा यांत फरक पडतो, तो २५ मायक्रॉनलाही पडणारच, कमी असला तरी.

रिबनवाली | गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! वाचनखूण साठवली आहे. काका, दोन्ही बाजू घेते.

एक छोटी शंका. एक्सआरडीसाठी मी रिबन खलात कुटून पूड करत होते. वाकवल्याने स्फटिक येतात तर कुटून काय होईल?

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:२५

अजिबात कुटू नकोस! काचेच्या पट्टीवर रिबनचे तुकडे शेजारी शेजारी चिकटव आणि तसाच घे. डीएससीसाठी कात्रीने कापावं लागेल तेवढं काप, पण लांब तुकडे ठेव म्हणजे कापलेल्या कडा कमी.

गवंडी | शुक्रवार, सकाळी ८:००

मी आजवर वाचनमात्र होतो. एक सोपा ठोकताळा इथे कामाला येईल म्हणून लिहितो. ब्राझीलमध्ये साओ कार्लोसच्या मंडळींनी काढलाय. प्रत्येक मिसळलेल्या धातूच्या त्रिज्येला ॲल्युमिनियमच्या त्रिज्येने भागायचं, घन करायचा, एक वजा करायचा, चिन्ह सोडून द्यायचं, आणि त्या धातूच्या प्रमाणाने गुणायचं. सगळ्यांची बेरीज लॅम्डा. तो ०.१ च्या खाली असेल तर ग्लास ट्रान्झिशन न दिसता आधी ॲल्युमिनियमचे नॅनोस्फटिक. वर असेल तर ग्लास ट्रान्झिशन दिसतं आणि पहिल्या शिखरातच संयुगं. ०.१ च्या जवळ असेल तर दोन्ही.

वरच्याच त्रिज्या घेऊन रिबनवालीचं केलं: निकेलचे ०.०२८, यिट्रियमचे ०.०४०, बेरीज ०.०६८. म्हणजे ग्लास ट्रान्झिशन दिसणारच नव्हतं. निकेल ५, यिट्रियम १० केलं तर ०.११७ येतो, तिथे दिसायला हवं.

आल्फा_फेज | शुक्रवार, दुपारी १:००

@गवंडी, हे उत्तम. ठोकताळाच आहे, रासायनिक ओढ त्यात अजिबात धरलेली नाही, पण ॲल्युमिनियमच्या बाबतीत बऱ्यापैकी चालतो. रिबनवाली, व्हायवात हे आलेखाच्या शेजारी ठेव. "ग्लास म्हणायचं का" याला मी तरी हो म्हणेन. ग्लास ट्रान्झिशन आहे, पण स्फटिकीकरण त्याच्या आधी किंवा नेमकं त्याच वेळी सुरू होतं आणि ते झाकलं जातं.

चौकस | शुक्रवार, दुपारी ३:४५

सगळं पटलं. पण रिबन २५ मायक्रॉनची. त्याचं विमान कसं करणार?

आल्फा_फेज | शुक्रवार, सायंकाळी ४:३०

इथेच सगळं अडलंय. झिर्कोनियमचे मेटॅलिक ग्लास बोटाएवढे जाड ओतता येतात, पॅलेडियमचा तर १९९७ मध्ये ७२ मिलिमीटर व्यासाचा ओतला. ॲल्युमिनियमचा पूर्ण अमॉर्फस दांडा १ मिलिमीटरचा निघाला २००९ मध्ये, चीनमध्ये शेनयांगला, तेही निकेल, यिट्रियम, कोबाल्ट, लँथॅनम असे चार धातू मिसळून. त्यामुळे दुसरी वाट: द्रव वायूच्या झोताने फोडून पूड करायची आणि ती गरम एक्स्ट्रूड करायची (साच्याच्या भोकातून दाबून काढायची). एक्स्ट्रूड करतानाच ती स्फटिक होते, पण दाणा बारीक राहतो. जपानात वायकेके कंपनीने (होय, चेनवालीच) असा मिश्रधातू गिगास नावाने काढला होता. आणि कोटिंग हा आणखी एक मार्ग, ॲल्युमिनियम-कोबाल्ट-सिरियमचा थर गंजापासून संरक्षणाला चांगला.

रिबनवाली | बुधवार, रात्री ८:३५

निकाल घेऊन आले!

१७० अंशांवर धरून, दुसरी मोजणी वजा करून पाहिलं. ४० मीटरच्या रिबनला पहिल्या क्षणापासून नुसती उतरण, माथा नाही. @अर्धविराम, तुमच्या कसोटीने म्हणजे बीजं चाकावरच पडलेली. मग हट्टाने चाकाचा वेग ५५ केला. रिबन पातळ आली, १८ मायक्रॉन. तिच्या आलेखात सुरुवातीला एक बारीकसं उंचवटं दिसतंय, दीडेक मिनिटाला, मग उतरण. डीएससी चढवत घेतलं तर पहिलं शिखर सहा अंश पुढे सरकलंय. दोन्ही बाजूंचा एक्सआरडीही घेतला: ४० च्या रिबनला हवेकडच्या बाजूने कुबडाच्या अंगावर जिथे ॲल्युमिनियमचं मुख्य शिखर यायला हवं तिथे किंचित खांदा आहे. चाकाकडे नाही. काकांचा अंदाज अचूक.

किसिंजरही काढलं (तापवण्याचा वेग बदलून माथा किती सरकतो त्यावरून ऊर्जा काढायची पद्धत): तापवण्याचा वेग चौपट केला की माथा १५ अंश पुढे, सक्रियण ऊर्जा मोलला १८० किलोज्यूलच्या आसपास.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:१५

झकास काम! ४० च्या रिबनपुरता मी आल्फा_फेज यांच्या पारड्यात. पण दीड मिनिटाचा उंचवटा मला संशयास्पद वाटतो. नमुन्याचं वजन किती होतं? पाच-सहा मिलिग्रॅम असेल तर पंधरा कर आणि तापमान १६० ला आण. खरा असेल तर उंचवटा उशिरा येईल, यंत्राचा असेल तर दीड मिनिटालाच चिकटून राहील. आणि १८० हा आकडा मिरवू नकोस. वाढ मंदावत जाणाऱ्या शिखरावर किसिंजरने मिळणारी ऊर्जा नेमक्या कोणत्या एका प्रक्रियेची आहे हे सांगता येत नाही. तुलनेला ठीक.

भट्टीवाला | बुधवार, रात्री ९:४०

आणि जाडी एकाच जागी मोजलीस की चार जागी? असली रिबन कुठे पंधरा तर कुठे बावीस असणार. जाड तुकडे पातळ तुकड्यांत मिसळून पॅनमध्ये टाकलेस तर दोन वेगळे माल एकाच आलेखात.

रिबनवाली | बुधवार, रात्री १०:०५

सहा मिलिग्रॅम होतं. पॅनमध्ये पंधरा बसवायला रिबन दाबावी लागेल, आणि दाबायची तर नाही, म्हणून खोल पॅन मागवलेत. काका, जाडी तीन जागी मोजली होती, १६ ते २१ निघाली. आता १८ च्या खालचे तुकडे वेगळे काढून त्यांचंच १६० ला घेते. टीईएमचा नंबर पुढच्या महिन्यात आहे.